गुडघा टेकून दहा आकडे

१४ नोव्हेंबर

चि. घडीमास्तर यास,
अ. उ. आ. वि.

उद्या सकाळी मला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात भरती करणार, म्हणून आजच लिहून ठेवते. फोनवर तू सगळ्याला हो हो म्हणतोस आणि फोन ठेवला की विसरतोस. शिवाय माझ्या गोठ्यात फोन लागत नाही. कागद निदान खिळ्याला अडकवता येतो. हे पत्र चाऱ्याच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला अडकव आणि रोज एकदा वाच.

तू माझ्या घरी आणि मी तुझ्या, अशी अदलाबदल आपण साठीनंतर करू असं वाटलं नव्हतं. इथे माझी आबाळ नाही. तुझी बायको सकाळी औषधांच्या दुकानात कामाला जाते, संध्याकाळी येते आणि आल्याबरोबर माझा गुडघा दाबून बघते, जणू मी पिकलेलं फळ आहे. काल तुझं कपाट उघडलं. मोजेसुद्धा चौकोनी घडीत. लहानपणी तू लादी पुसायच्या फडक्याची घडी घालायचास, तेव्हाच आम्ही ओळखायला हवं होतं. चौतीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात काढून तू सुधारला नाहीस, उलट पक्का झालास.

आता कामाचं. अकरा मेंढ्या आहेत, त्यातल्या सात गाभण. जानेवारीच्या मध्यापासून विऊ लागतील. कपाळावर काळा ठिपका आहे ती टोपी. दारात उभी राहून प्रत्येकाची तपासणी करते ती मास्तरीण. बाकीच्यांची ओळख आपोआप होईल. मेंढीला चारा एखाद्या वेळी कमी पडला तरी निभतं, पण ओल्यात बसलेली निभत नाही. खुरं कुजतात, कास सुजते आणि कोकरू जन्मल्या जन्मल्या गारठतं. म्हणून सगळा जीव पेंढ्याच्या अंथरुणात आहे.

रोज सकाळी चारा घातलास की सगळ्या गव्हाणीकडे तोंड करतील. तेव्हा मागे जायचं, त्या बसल्या होत्या त्या जागी गुडघा टेकायचा, सगळा भार द्यायचा आणि दहा आकडे मोजायचे. घाई करायची नाही. मग उठून पायजमा बघायचा. कोरडा असेल तर काही करू नकोस. ओला असेल तर पेंढा घाल आणि पुन्हा टेक. टेकलेला असतानाच मेंढीच्या नाकाच्या उंचीवर एक श्वास घे. डोळ्यांत चुरचुरलं तर वरची झडप उघड. आपण उभे असतो, आपल्याला खालचा वास कळत नाही. त्या तिथेच बसतात. इतकंच काम आहे, अंथरूण कोरडं आणि स्वच्छ ठेवायचं.

काही अडलं तर शेजारच्या सुतारांकडे जा. त्यांच्याकडेही पूर्वी मेंढ्या होत्या. पाठ धरली, वाकता येईना, तेव्हा मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं की ज्याचा गुडघा टेकत नाही त्याने मेंढ्या ठेवू नयेत. त्यांनी विकल्या. तेव्हापासून ते माझ्याशी जरा जपून बोलतात, पण माणूस चांगला आहे.

मेंढ्यांच्या व्यापाऱ्याला मी फेब्रुवारी अखेरीस यायला सांगितलं आहे. तोवर कळेल. मी माझ्या पायांनी गोठ्यात जाऊन माझं काम करू शकले तर तो रिकाम्या हाताने जाईल. नाही तर अकराच्या अकरा आणि कोकरं घेऊन जाईल. चाळीस वर्षं सांभाळलेली गोष्ट आहे, म्हणून एवढं लांबण लावलं.

लोभ आहे तेवढा असू दे, पेंढा मात्र वाढवत जा.

तुझी,
अक्का


२४ नोव्हेंबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट पार पडल्याचा निरोप सुतारांच्या फोनवर मिळाला. जिवाला बरं वाटलं. आता उगाच उठू नकोस, सांगतील तेवढाच पाय हलव.

इथे सर्व ठीक. तुझं पत्र खिळ्याला अडकवलं आहे. पहिल्या दिवशी पायजम्यावरून अंदाज येईना, कारण पायजमा गडद रंगाचा. म्हणून मी गुडघ्याखाली पांढऱ्या रुमालाची चौपदरी घडी ठेवतो. डाग किती पदरांतून गेला ते बघितलं की ओल नेमकी कळते. एक पदर म्हणजे ठीक, दोन म्हणजे पेंढा. मास्तरीण हे सगळं रोज लक्ष देऊन बघते. तिचा चेहरा आमच्या जुन्या मेट्रनबाईंसारखा आहे.

आता मुख्य बातमी. गेल्या आठवड्यात सहज दाताळं खोल घातलं तर वरचा पेंढा तेवढा पिवळा, आणि खाली काळा, दमट, चिकट थर. दीड फूट! त्यातून वाफ निघत होती. अक्का, मी तुला दोष देत नाही. गुडघ्यामुळे तुला साफसफाई जमली नसणार, आणि तू कुणाला सांगणाऱ्यातली नाहीस. पण गाभण जिवांना असल्या अंथरुणावर बसवणं माझ्याच्याने होईना. चार दिवस खपून सगळं काढलं. पार जमिनीपर्यंत. गोठ्यामागे माझ्या छातीइतका ढीग झाला आहे. मग सोडा घालून गरम पाण्याने फरशी घासली, दोन दिवस वाळू दिली आणि नवा कोरा पेंढा चार बोटं पसरला. आता पेंढ्याला पेंढ्याचाच वास येतो. रुमाल पांढराशुभ्र निघतो.

मेंढ्या आत यायला जरा बिचकल्या. नव्या पेशंटला धुतलेल्या चादरीवर बसताना होतं तसंच ते. एकदोन दिवसांत रुळतील. थंडी मात्र वाढते आहे. आज सकाळी बाहेरच्या बादलीत बर्फाची पापडी होती.

माझे हात फोडांनी भरले आहेत, पण खूप दिवसांनी काहीतरी केल्यासारखं वाटतं. तू खूश होशील या आशेवर लिहिणं थांबवतो. माया आहेच, ती अशीच मिळत राहावी.

तुझा,
घडीमास्तर


२९ नोव्हेंबर

चि. घडीमास्तर यास,
अ. उ. आ. वि.

तुझं पत्र तुझ्या बायकोने मला दवाखान्यात खाटेपाशी बसून मोठ्याने वाचून दाखवलं. माझं मन रमावं म्हणून. सोड्यापर्यंत आली तेव्हा मी उठून बसले, आणि नर्सबाई धावत आल्या.

तू अंथरूण बदललं नाहीस, चूल विझवलीस. तो खालचा थर म्हणजे घाण नव्हती. पेंढा आणि लेंड्या खाली दबून कुजतात आणि कुजताना ऊब देतात. तू वाफ बघितलीस ना? तीच. हिवाळाभर त्याच्यावर फक्त कोरडा पेंढा घालत जायचा, वरून कोरडं आणि खालून गरम. खालचं काढायचं ते थंडी संपल्यावर, मेंढ्या बाहेर चरायला जाऊ लागल्या की, वर्षातून एकदा. तुझ्या मेंढ्या आता गार फरशीवर चार बोटं पेंढ्यात बसल्या आहेत. चार बोटं म्हणजे चादर झाली, गादी नव्हे.

फोनवर तू नुसतं हो हो म्हणशील म्हणून लिहिते, नीट ऐक आणि आजच कर. सुतारांकडून रंध्याचा जाड भुसा आण आणि फरशीवर वीतभर घाल. बारीक भुसा नको. मग तुझ्या त्या ढिगात हात घाल. वरचं भिजलं असेल ते बाजूला सार, आतलं अजून गरम असेल. ते दहाबारा हातगाड्या आत ने आणि भुशावर पसर. दुधात विरजण घालतो तसं समज. त्यावर पेंढा, एक हात उंच. पेंढ्याची काटकसर करू नकोस. भुसा सगळ्यात वर कधीही येऊ देऊ नकोस, लोकरीत शिरला की निघत नाही. खालच्या फटी पोत्यांनी बुजव, वरची झडप उघडी ठेव. ऊब परत यायला तीन आठवडे लागतील. तेवढे दिवस थंडीने दया केली तर निभेल.

मला राग आला होता, तो रात्रभर टिकला. मग आठवलं की चौतीस वर्षं तुझं कामच हे होतं, मळलेलं अंथरूण दिसलं की काढायचं. तुझ्या जागी दुसरा कुणी आळशी असता तर मेंढ्या सुखात असत्या. आणि चूक माझीही आहे. चाळीस वर्षं हे कुणाला समजावून द्यायची वेळ आली नाही, त्यामुळे खालचा थर काढायचा नसतो हे तुला लिहायचं राहून गेलं.

पाय ठीक आहे. परवा घरी सोडतील. रागावले असले तरी तुझीच,

अक्का


९ डिसेंबर

अहो,
स. न. वि. वि.

हे पत्र वन्संना न सांगता दुकानातून लिहिते आहे. गिऱ्हाईक आलं की थांबते, त्यामुळे अक्षर बघून नाक मुरडू नका.

वन्सं चालायला लागल्या. काठी घेऊन खोलीभर, मग जिन्याच्या चार पायऱ्या. डॉक्टर कौतुक करतात. पण एक गोष्ट त्या तुम्हाला लिहिणार नाहीत, आणि तुम्हाला कळवू नये म्हणून त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं आहे. ते मी मोडते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हा गुडघा चालायला, उभं राहायला, खुर्चीत बसायला चांगला साथ देईल. पण त्यावर टेकायचं नाही. कधीच नाही. दुसराही गुडघा झिजलेलाच आहे, त्यावरही भार द्यायचा नाही. वन्संनी नुसती मान हलवली. मला वाटलं, मनावर घेतलं नाही.

परवा सकाळी मी लवकर उठले तर त्यांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. खाटेपाशी जमिनीवर तुमच्या टॉवेलची घडी ठेवली होती आणि वन्सं खाटेची कड धरून त्यावर गुडघा टेकायचा प्रयत्न करत होत्या. अर्ध्यात थांबल्या. तिथून ना खाली जाता येईना ना वर. मी हात देऊन उठवलं. त्या रडल्या. लग्न होऊन आले त्याला छत्तीस वर्षं झाली, वन्संना रडताना मी पहिल्यांदा बघितलं. मग तोंड धुऊन मला म्हणाल्या की सुतारांना मी जे बोलले होते ते आता मला लागू आहे, दुसऱ्याला लावलेला नियम स्वतःसाठी मोडता येत नाही.

त्यांनी व्यापाऱ्याला पत्र लिहायला घेतलं आहे. अजून टाकलेलं नाही. तुम्हाला कळलं आहे असं दाखवू नका, नाहीतर दोघी माझ्यावर तुटून पडतील, म्हणजे वन्सं आणि त्यांची काठी.

तुमच्याशिवाय घर मोकळं आहे. मी टॉवेल कसाही टाकते आणि कुणी उचलत नाही. पहिले चार दिवस मजा वाटली. तब्येत सांभाळा, आठवण ठेवा, एवढंच मागणं.

तुमचीच


१४ डिसेंबर

प्रिय बाईसाहेब,
स. न.

पत्र मिळालं. कळलं नाही असंच वागतो. एक काम कर. अक्का सरळ उभी असताना तिच्या कोपरापासून जमिनीपर्यंतची उंची मोजून कळव. जोडे घालून. शिंप्याची टेप माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात आहे, गुंडाळून. वापरल्यावर तशीच गुंडाळून ठेवशील अशी आशा नाही, तरी लिहितो. कारण तिला काहीही सांग.

तुझाच


१८ डिसेंबर

अहो,

एकोणचाळीस इंच. नवा गाऊन शिवायचा आहे असं सांगितलं. वन्सं म्हणाल्या, गाऊन कोपरापासून सुरू होतो हे नवीनच. टेप खणात टाकली आहे. गुंडाळलेली नाही.

तुमचीच


२० डिसेंबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. पत्र मिळालं त्याच दिवशी सुतार स्वतः जाड भुशाची पोती घेऊन आले. ढिगाच्या आत हात घातला तर खरंच गरम होतं. मी ज्याला घाण म्हणून चार दिवस बाहेर काढलं, तेच दोन दिवस आत नेत होतो. मास्तरीण दारात उभी राहून बघत होती. मला तिच्या नजरेला नजर देववेना.

धुलाईखात्यातला जुना थर्मामीटर माझ्याकडे होता, तो अंथरुणात खुपसून ठेवतो. पहिला आठवडा काही फरक नाही. मग रोज थोडाथोडा वर. आज पेंढ्याखाली हात घातला तर नुकत्याच इस्त्री केलेल्या चादरीइतकी ऊब लागली.

पण एक सांगायचं आहे, आणि मी ते पत्राच्या शेवटापर्यंत ढकलत आणलं. टोपी गाभडली, पोटातली गेली. दोन तारखेला, कडाक्याची थंडी पडली त्या आठवड्यात. दोन कोकरं होती. गुरांचे डॉक्टर म्हणाले की कारणं बरीच असू शकतात, थंडीनेच झालं असं ठामपणे म्हणता येणार नाही. त्यांनी माझी समजूत काढण्यासाठी म्हटलं असावं. मी मात्र त्या रात्री ती कुठे बसली होती ते बघितलं आहे. भिंतीच्या कडेला, पेंढा पायाने बाजूला करून, उघड्या फरशीवर. खालची ऊब शोधत होती आणि ती मी काढून टाकली होती. मला फार वाईट वाटतं. हे तेव्हाच लिहायला हवं होतं, हिंमत झाली नाही.

टोपी आता बरी आहे, खाते. बाकी सहा ठीक दिसतात. दिवसातून दोनदा गुडघा टेकतो. रुमाल एक पदर.

रागावलीस तरी पत्र टाकत जा, हे मागणं.

तुझा,
घडीमास्तर


२८ डिसेंबर

चि. घडीमास्तर यास,
अ. उ. आ. वि.

टोपीचं वाचलं. वाईट झालं. चांगली मेंढी आहे, पुढच्या वेळी नीट विईल. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी पेंढा संपला म्हणून वर बारीक भुसा पसरला होता. वर्षाची सगळी लोकर घेणाऱ्याने परत पाठवली. ती वेचत मी उन्हाळाभर बसले आणि तरी निम्मी फेकावी लागली. तू तेव्हा नोकरीवर होतास, तुला कळवलं नाही. आपण दोघं आपापल्या चुका कळवायला उशीर करतो, हे घराण्यातच आहे.

दुसरं. मी व्यापाऱ्याला पत्र टाकलं आहे. फेब्रुवारीच्या अठ्ठावीसला तो येईल आणि सगळ्या घेऊन जाईल. तुझ्यामुळे नाही, हे नीट वाच. टोपीमुळेही नाही. चाळीस वर्षं पुष्कळ झाली. आता सकाळी उशिरा उठावं, खिडकीत बसावं, असं वाटतं. तुझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीतला एक माणूस रोज झाडांना पाणी घालताना दिसतो. बरं वाटतं बघायला.

तोवर अंथरूण कोरडं ठेव. त्या कोरड्यातून जाव्यात, एवढंच. मी चोवीसला येते, सुतार गाडी घेऊन न्यायला येणार आहेत. त्यांनी स्वतःहून विचारलं, याचं नवल वाटलं.

पाय ठीक आहे. आशीर्वाद आहेतच, ते कमी होणार नाहीत.

तुझी,
अक्का


३० जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सहाही मेंढ्या व्याल्या. नऊ कोकरं. सगळी उभी आहेत.

पहिली मास्तरीण, अठरा तारखेला. तिने मला जवळ येऊ दिलं नाही. मी गव्हाणीपलीकडे उभा राहिलो आणि ती आपली कामाला लागली. पहिलं कोकरू पेंढ्यावर पडलं. ओलंचिंब, थरथरतं. तिने चाटलं, आणि पाच मिनिटांत त्याने पेंढ्यात अंग घुसवलं. खाली ऊब होती, अक्का. ते थरथरायचं थांबलं. मी तिथेच बसून रडलो, लाजायचं कारण नाही. नंतर गुडघा टेकून रुमाल बघितला तर तो कोरडा होता.

सर्वांत शेवटच्या मेंढीला तीन झाली. त्यातलं एक अगदी मूठभर. ती त्याला जवळ घेईना. आणि इथे टोपीने मला चकित केलं. ती स्वतः जवळ आली आणि त्याला चाटू लागली. सुतार म्हणाले, दूध आटलं असेल, बाटली लावावी लागेल. बाटली लावली. पण बसतं ते टोपीच्याच पोटाशी.

व्यापाऱ्याबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. तुझ्या मेंढ्या, तुझा निर्णय. समोरच्या इमारतीतला तो माणूस मला माहीत आहे. तो झाडांना पाणी घालतो कारण त्याला दुसरं काही करायला नाही. अधिक लिहीत नाही.

वाट बघतो. ओढ आहे ती तशीच राहो.

तुझा,
घडीमास्तर


१ मार्च

चि. घडीमास्तर यास,
अ. उ. आ. वि.

पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. तू इथे माझ्याबरोबर दोन दिवस राहिलास, कोकरं दाखवलीस, थर्मामीटर दाखवलास, चहाचे कप पुसून ओळीत लावलेस. सकाळचा चारा दोन्ही दिवस तूच घातलास आणि मला गोठ्यात येऊ दिलं नाहीस, पायाला विश्रांती हवी म्हणून. मग तू गेलास, आणि सत्तावीसला सकाळी मी एकटी आत गेले.

चारा घातला. त्या गव्हाणीकडे वळल्या. मी मागे जाऊन उभी राहिले आणि नुसतं खाली बघत राहिले. वरून पेंढा छान दिसत होता. पण वरून तो नेहमीच छान दिसतो. काय करावं कळेना. निघावं म्हणून चाऱ्याच्या खोलीत आले तर दारामागे खिळ्याला, माझ्याच पत्राच्या शेजारी, एक काठी टांगलेली दिसली. गुळगुळीत रंधलेली, वर आडवी मूठ, खाली नारळाच्या अर्ध्या करवंटीएवढा लाकडी गोळा. गोळ्यावर पांढरा रुमाल, चौपदरी घडी, दोरीने बांधलेला. बाजूला पेटीत धुतलेले चाळीस रुमाल, इस्त्री केलेले.

मी ती हातात घेतली. मूठ बरोबर कोपराशी आली. गाऊन कुठून सुरू होतो ते तेव्हा कळलं.

भार देऊन दाबली. दहा आकडे मोजले. उचलून बघितलं, दोन पदर. अर्धी टोपली पेंढा पसरला, रुमाल बदलून पुन्हा दाबली, कोरडी. मग स्टूल ओढून त्यावर बसले, मेंढीच्या नाकाइतकं वाकले आणि श्वास घेतला. वास नव्हता. मास्तरीण मागे वळून बघत होती. तिने काही हरकत घेतली नाही.

दुपारी सुतारांकडे गेले. काठी त्यांनी केली आहे हे ओळखायला वेळ लागला नाही, इथे इतकं गुळगुळीत काम दुसरं कुणी करत नाही. मी त्यांना पूर्वी जे बोलले होते ते चुकीचं होतं, असं सांगितलं. बाराएक वर्षं झाली त्याला. त्यांनी रंधा खाली ठेवला नाही, पण थांबवला. मग म्हणाले की तू दिलेलं माझं माप घेऊन एक केली, आणि हात लागलाच होता म्हणून स्वतःच्या मापाची आणखी एक केली. ती त्यांच्या बाकाखाली पडून होती. तिच्यावर रुमाल नव्हता. मी पेटीतले दहा त्यांना दिले आहेत, रागावू नकोस.

व्यापारी ठरल्याप्रमाणे काल आला. मी त्याला गोठा दाखवला. त्याने अंथरुणात हात घालून बघितला आणि म्हणाला, बाई, हे कुणी सांभाळलं. मी म्हटलं, धुलाईखात्याने. त्याला काही उमगलं नाही. त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. कोकरं सहा महिन्यांची झाल्यावर त्यातल्या दोन माद्या सुतारांकडे जातील, त्यांनी कालच विचारलं. बाकी सगळ्या इथेच राहतील. टोपीचं ते मूठभर आता दारापर्यंत धावतं आणि तिथून पुढे जायला घाबरतं.

एप्रिलच्या शेवटी मेंढ्या बाहेर राहू लागल्या की खालचा थर काढायचा आहे. जमिनीपर्यंत. त्या वेळी ये, बायकोलाही आण, आणि तुला हवा तेवढा सोडा लाव. कुणी अडवणार नाही. मग नोव्हेंबरात पुन्हा ये. मापं घ्यायची असतील तर मला सरळ विचार.

लोभ आहे तो आता खालच्या थरासारखा ठेव, काढू नकोस.

तुझी,
अक्का

ता. क. डॉक्टरांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की हा गुडघा आता पुन्हा टेकणार नाही. तुला लिहायचं राहून गेलं.